आत सेफ आहे

इंदरगंजच्या दवाखान्यात यशश्री बाबांच्या वॉर्डाबाहेर बसली होती. मागे कॉम्प्युटरवाले दोघे आरामात चहा भुरकत होते.

"अंशुल, डॉक्टरांच्या स्क्रीनवर ॲलर्जीचा रकानाच नाही रे!"

"जुन्या डेटावर डॉक्टरांना दिसणारा तक्ता, तो एसक्यूएल व्ह्यू, मीच बनवला. पहिल्या पेशंटची नोंद पाहून रकाने आखले. त्याला ॲलर्जी नव्हती."

"गधड्या, इथे दर नोंदीत रकाने वेगळे असतात!"

"डेटा तर आत सेफ आहे ना, यार. फक्त दिसत नाही."

"मग डॉक्टर काय सपने में देखेंगे?"

"सोमवारी करून टाकू."

यशश्री ताडकन उठून वॉर्डात घुसली. "सिस्टर, बाबांना पेनिसिलिन चालत नाही! भरती करताना लिहवलं होतं मी!"

"स्क्रीनवर तर काहीच नव्हतं, बेटा."

सिस्टरच्या हातातली इंजेक्शनची सुई नुकतीच रिकामी झाली होती.