पाणी घ्या की, साहेब

न्हाई न्हाई, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय लुळा हाय — हितं पलंगावर बसा, ऐसपैस. गाडी विहारापाशीच लावली न्हवं? बरं केलंत, गल्लीत वळवायला जागा न्हाई, परवा एक फार्महाऊसवाला आत घुसला तर त्याची गाडी उलटी काढायला निम्मं गाव जमलं. आमच्या मुठ्यात शनवार-रयवार नुसत्या पुण्याच्या गाड्या, आज मंगळवार म्हणून मोकळं दिसतंय. तर तुमी इंद्रजितचे वडील. बघितलाय मी इंद्रजितला, फोनवर — आमच्या प्रमोदच्या मागं भात परतत उभा हुता. एका खोलीत राहत्यात ना दोघं तितं लेस्टरला, मला सगळं ठाऊक हाय. नाक अगदी तुमचं घेतलंय पोरानं. अवं, पेला हातात धरून काय बसलात, पाणी घ्या की. चांगुणा, आगं प्रमोदच्या मैत्राचे वडील आल्यात, चहा ठिव. दूध जास्त घाल. — न्हाई कसं, एवढ्या लांबनं आलात, चहाबिगर कसं जाऊ देईन?

घरात कोण कोण हाय? मी आन ही, बास, दोघंच. लेक धम्मदीपा पिरंगुटला दिलीय, जावई तितंच कंपनीत हाय, बोलावलं तर तासाभरात येत्यात — पर बोलवायचं कशाला? सहज इचारलंत, व्हय. त्यो बघा भिंतीवर, तिच्या लग्नाचा फोटो. फेट्यातला मी, माझा मलाच वळखू येत न्हाई. ही चांगुणा, ही लेक, ह्यो जावई, आन टोकाला निळ्या शर्टात प्रमोद. कसा दिसतोय? पाव्हणे येत्यात, बघत्यात, म्हणत्यात पोरगं लग्नाला आलं हुतं की विलायतेहून. आमी गप बसतो. आता तुमी घरचेच, तुमाला सांगतो — त्यो न्हवता लग्नात. मालकानं रजा दिली न्हाई. मंग तितं बसल्या बसल्या त्यानं सोताला फोटोत घातलं. धंदाच हाय ना त्याचा, ग्राफिक डिझायनर. आमच्या सगळ्यांच्या सावल्या जिकडं पडल्यात तिकडंच त्याची बी पाडलीय, जवळ जाऊन बघा, जोड सापडायचा न्हाई. हिला मातर सापडला. फोटो हातात आल्या आल्या म्हणली, ह्यो शर्ट त्याच्या अंगावर एवढा ढिला कवापास्नं झाला? शर्ट हितनंच नेलेला, जाताना बटणं ताणून लागायची.

हाताला वळण लहानपणापास्नं. शाळंत हुता तवा जयंतीला विहाराच्या भिंतीवर अक्षरं काढली त्यानं, शिडीवर उभा राहून, मी खाली शिडी धरून — आन वरनं मला दम देतोय, आबा, हालू नका, काना वाकडा जाईल. पुढं पिरंगुटला फ्लेक्सच्या दुकानात बसायचा, वाढदिवसाचे फ्लेक्स, कुणाला गॉगल घाल, कुणाच्या मागं वाघ उभा कर, कुणाचं टक्कल झाक. मंग पुण्याला आर्टच्या कॉलेजात गेला, तितनं नोकरी, आन तितनं मंग ह्या इंग्लंडच्या कंपनीनं बोलावलं. मटार, मका, पराठे, बर्फात गोठवून पाकिटात घालून इकत्यात, त्यांची पाकिटं काढायला. त्या काचेच्या कपाटात बघा, हिरवं पाकीट. रिकामं हाय. मागं तुमचा इंद्रजित सुट्टीला आला तवा त्यानंच आणलं, जावयाकडं देऊन गेला. त्यावरची शेंग, अक्षरं, भांड्यातनं निघती ती वाफ, समदं आमच्या पोराचं. ही येड्यावानी वाफंवर बोट ठिवून बघती. बायाबापड्या येत्यात, इचारत्यात, पोरगं काय करतं, तर ही कपाट उघडून पाकीट दावती. लोकं कप-बश्या ठिवत्यात कपाटात, आमी मटाराचं पाकीट ठिवलंय.

इंद्रजितला रजा मिळती, आमच्याला का न्हाई, असं मी बी इचारलं हुतं. तर त्यानं मलाच उलटं इचारलं — आबा, तुमी पिरंगुटला कंपनीत जात हुता तवा तुमचा गेटपास कुणाकडं असायचा? म्हटलं, ठेकेदाराकडं, आणखी कुणाकडं. म्हणला, तसंच हाय, स्पॉन्सर म्हंजी ठेकेदार, व्हिसा म्हंजी गेटपास. मला चट्‌दिशी कळलं. ठेकेदार काय असतोय ते मला शिकवायला नगं, निम्मं आयुष्य त्याच्या तोंडाकडं बघण्यात गेलं. पर मी काय करायचो, लई झालं की पास त्याच्या टेबलावर टाकायचो आन बस धरून घरी यायचो, म्हशीचं शेण काढायला. पोरानं पास टाकला तर त्याला मुलूखच सोडायला लागायचा. आन मालक कोण, गोरा न्हाई बरं का, आपल्याच देशातला, घरात आरती करणारा. सकाळच्याला पाकिटांची चित्रं काढायची, दुपारनं गोडाऊनात खोकी उचलायची. एकदा पोरगं बोललं, साहेब, माझ्या कागदावर डिझायनर लिवलंय. तर मालक हसून म्हणला, त्या कागदावर सही कुणाची हाय? शिवी न्हाई, हात उचलला न्हाई. मला हे त्यानं न्हाई सांगितलं. बहिणीला सांगितलं, बहीण हितं येऊन रडली. मी त्याला फोनवर काय इचारायचो — जेवलास का. त्यो म्हणायचा, जेवलो. झालं, तेवढंच आमचं बोलणं.

गार हाय पाणी, माठातलं. घ्या.

ह्या पावसाळ्यात व्हिसा परत काढायची येळ आली आन तितल्या सरकारनं नेम बदलले. भाईरच्या माणसाला ठिवायचं तर पगार वाढवून द्या. मालकानं हात वर केले. पोराला दोन महिने दिले सरकारनं, दुसरा मालक शोध न्हाईतर चालू लाग. ते तर तुमाला इंद्रजितनं सांगितलं असंल. रोज अर्ज करायचा म्हणं. काम बघून लोकं खूश व्हायची, आन स्पॉन्सर म्हटलं की फोन ठिवायची. मी म्हटलं, ये परत. हितं चौकात दुकान टाकू, ह्या फार्महाऊसवाल्यांना नावाच्या पाट्या लागत्यात — बंगल्याला झोकात नाव असतंय आन माणूस वर्षातनं दोनदा फिरकतंय. मी राखण करतो ना दोन बंगल्यांची, मी मिळवून देतो काम. हसला. म्हणला, आबा, मी गेलो तवा त्याच चौकात माझा फ्लेक्स लागला हुता, मुठ्याचा सुपुत्र म्हणून, फेटा घातलेला, त्याच्याखाली दुकान लावून बसू व्हय? म्हटलं, बाबा, त्यो फ्लेक्स कवाच खाली उतरला, तुझ्या आयनं त्यो पेंढ्यावर टाकलाय, पावसाचा. लई हसलो दोघं. मला वाटलं, चला, हसलं पोरगं म्हंजी निवळलं. मंग भात कापणीला आलं, आन तिकडं मुदत भरत आली.

घ्या की फोन, वाजतोय. कट का केलात? इंद्रजित असंल, बोला की त्याच्याशी, मला बी दोन शब्द — बरं, ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या. भात झोडून झालं बघा आमचं, कोळवणकडं अजून व्हायचंय म्हणत्यात. तुमचं मूळ गाव कोळवणच ना, मगाशी दारात म्हणालात. म्हंजी आपण एका खोऱ्यापल्याडची माणसं.

साहेब, एक इचारू? रागावू नका. मगाधरनं मी त्या पेल्याकडं बघतोय. आमच्या घरचं हाय म्हणून न्हाई घेत का पाणी? तसं असंल तर तसं सांगा. मला काय नवं न्हाई ते. माझ्या बापाला ह्याच गावात वरनं ओंजळीत ओतायचे, मी बघितलंय. आता बदललं, आता बंगल्यावरचे साहेब माझ्या हातचा चहा पित्यात. पर प्रमोद हितं हुता तवा एकजण आला हुता, जमिनीच्या कामाचा, पेला त्यानं असाच हातात धरला आन हळूच खाली ठिवला, तवा माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली का मी त्याला हाताला धरून भाईर काढला, प्रमोद आडवा आला म्हणून निभावलं. आज न्हाई रागावणार. खरं सांगतो. आज तुमी म्हणा, ज्ञानदेव, मला तुमच्यातलं पाणी चालत न्हाई — मी तुमच्या पाया पडीन. असलं म्हणणाऱ्याच्या पाया पडायला तयार झालोय मी, बघा. म्हणा की. मान कशाला हालवताय? तसं न्हाई? तसं नसंल तर मंग कसं?

थांबा. आत्ता नका बोलू. मला एक सांगायचं राहिलंय. परवाच्या न्हाई, त्याच्या आदल्या रयवारी त्याचा फोन आला, तोंड दिसतं तसला. म्हणला, आये, फोन घेऊन घरातनं फिर जरा. हिनं फिरवला. न्हाणीची चूल दाव म्हणला, तिच्यावरची काजळी दाव, कौलं दाव, म्हस दाव. म्हशीला नावानं हाक मारली, तिनं कान बी हालवला. पेंढ्यावर त्याचाच फेटेवाला फ्लेक्स दिसला, त्याला हसला. मंग म्हणला, विहाराकडं चल. भिंतीवर ती अक्षरं अजून हायेत, रंग उडालाय, पर वाचता येत्यात. तितं म्हणला, थांब आये, हालू नगंस. आन बघत राहिला. लई येळ. ही खूश, पोराला घरची आठवण आली म्हणून, येताना सगळ्या आळीला सांगत आली. मी मागं उभा हुतो. माणूस सगळं असं एका दमात कवा बघतो, साहेब? मी हिच्याजवळ बोललो न्हाई. त्या दिसापास्नं त्याचा फोन बंद लागतोय. मी हिला सांगतो, रेंज न्हाई, कंपनी बदलतोय, नवा नंबर घ्यायचाय. रोज नवं काय तरी सांगतो. आन ही रोज ऐकती.

आमी बौद्ध माणसं. शकुन, अपशकुन, लिंबू-मिरची, सगळं बापाच्या काळात टाकून दिलं. पर ह्या दोन्ही खोऱ्यांत एक गोष्ट कुणीच टाकली न्हाई, कुठल्याच घरानं न्हाई, आन तुमी कोळवणचे, तुमाला ठाऊक हाय. तसला सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी घेत न्हाई. मी सोता गेलोय असा. आमच्या आळीतल्या विश्रामचा ल्योक घाटात गाडीखाली गेला तवा गावानं मला पुढं घातलं, तू शब्दाचा गोड हायेस म्हणून. विश्रामच्या बायकोनं पाणी दिलं. मी असाच पलंगावर, पेला असाच दोन्ही हातांत धरून, ठिवायचा कुटं ते कळंना. ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मंग उठली, काय इचारलं न्हाई, चुलीवर भात शिजत हुता, तिच्यात तांब्याभर पाणी ओतून ती इझवली. धूर झाला सगळीकडं.

फोनवर सांगण्यासारखं असतं तर तुमी फोन केला असता. एवढ्या लांब गाडी घालून आलात, बसल्या बसल्या इचारलंत घरात कोण कोण हाय. तवाच कळलं मला. येडा न्हाई मी. उगंच बडबडतोय मगाधरनं, तुमाला तोंड उघडू देत न्हाई. माझं बोलणं चालू हाय तवर माझं पोरगं तितं लेस्टरला हाय, त्याला काय झालेलं न्हाई. व्हय का न्हाई?

एक घोट घ्या, साहेब. नुसतं ओठाला लावा. मंग काय बी सांगा, मी ऐकतो. पोलिसांनी धरला म्हणा, जेलात हाय म्हणा, कुटं पळून गेला म्हणा. आमी वाट बघू, कितीबी बघू. तुमचं बी पोरगं हाय तितं, तुमाला कळतंय मी काय म्हणतोय. घ्या. एवढं माझं ऐका.

न्हाई?

बरं. द्या हिकडं पेला.

चांगुणा. गॅस बंद कर. — चहा नगं त्यांना. बंद कर आन भाईर ये.