राणीला दोन मुलगे होते

"हॅलो?... हॅलो, नूरतेन?... अगं, आधी तो मिक्सर बंद कर... मिक्सर! नुसतं घुर्रर्र ऐकू येतंय."

तुर्कस्तानातल्या आमास्रा गावच्या धक्क्यावर, माशांच्या पालथ्या क्रेटवर साबिहा बसली होती. एका हातात फोन, दुसऱ्याने वाऱ्यावर उडणारा डोक्यावरचा रुमाल धरलेला. समोर तिच्या नवऱ्याची, रिफातची होडी डुलत होती. रिफात गेल्यापासून होडी अंगणात पालथी पडून होती. पोरांनी ती गुपचूप नेली, कुजक्या फळ्या बदलल्या, निळा रंग दिला, आणि आज आईला चाकराझच्या खाडीपर्यंत फिरवून आणायचं ठरवलं. नेमका त्याच वेळी जर्मनीतून धाकट्या बहिणीचा फोन आला होता.

"हो, धक्क्यावरच आहे... नाही, अजून नाही बसले होडीत... मन होत नाही म्हणून!... अगं, ओरडतेस काय?... पोरं बर्फ आणायला गेलीत. डिझेल भरलं, बर्फ राहिला... आवडली की! होडी बघून रडले मी, सगळ्या धक्क्यासमोर. इल्हानसुद्धा रडला... तुंजेर नाही रडला. तो फोनवर होता."

"मग काय... मग हे लॉकेट... अगं तेच, पोरांनी मातृदिनाला दिलेलं. आपल्या आमास्त्रिस राणीचं नाणं, सोन्याचा मुलामा... हो, हो, तूही याच गावची, गावाला नाव कुणाचं ते तुला माहितीय. पण संग्रहालयात कधी गेलीस?... शाळेची सहल? त्या सहलीत आपण दोघी बाहेर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलो होतो!"

"ऐक ना. मी हे घालून पेरीहानकडे गेले... संग्रहालयातली गं, दहीवाल्या हानिफेची सून. म्हटलं, बघ पोरांनी काय दिलं. नाण्यावर टोपी घातलेलं डोकं आहे, मला तर बाप्याच वाटला. ती म्हणाली, काकू, शिकलेली माणसंही यावरून भांडतात. कुणी म्हणतं देव, कुणी म्हणतं राणीच. पण नाण्यावर कोरलेलं नाव मात्र तिचंच. 'आमास्त्रिस राणीचं'... नवऱ्याचं नाही, बापाचं नाही... तीन! तीन नवरे केले बाईनं. तू मोजत बसू नकोस."

"मागच्या बाजूला देवी आहे, आसनावर बसलेली. तळहातावर एवढीशी पंखवाली बाई... परी नाही गं, विजयाची देवी. कोंबडीचं पिल्लू धरावं तशी धरलीय. आणि पलीकडच्या काचेत आणखी नाणी, नंतरच्या काळातली. त्यावर एकीच्या डोक्यावर मुकुट, आणि मुकुट म्हणजे काय, तर तटबंदी! बुरूज, दरवाजा, सगळं. गावाची देवी म्हणे... तेच तर! आई आपल्याला ओरडायची ना, घर डोक्यावर घेऊ नका म्हणून? ही अख्खं गाव डोक्यावर घेऊन बसलीय आणि तोंडातून अवाक्षर नाही."

"येतेय, मुद्द्यावरच येतेय. तू बोलू दिलंस तर येईन... मी पेरीहानला विचारलं, राणीचं पुढे काय झालं? ती आधी सांगेचना... पोरांनी मारलं... पोटच्या! दोन मुलगे. होडीत बसवलं आणि बुडवलं... हस. हस अजून."

नूरतेनचं हसणं एवढं मोठं होतं, की जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या हमिदनं मान वर केली. साबिहानं फोन कानापासून लांब धरला आणि हसू ओसरेपर्यंत समुद्राकडे बघत राहिली.

"झालं?... मला कळत नाही का ते? माझी पोरं कशाला बुडवतील मला? इल्हानला पोहता येत नाही, तो बुडवायला गेला तर तोच आधी बुडेल... भीती नाही गं. खुपलंय. लॉकेट गळ्यात घातलं, हाताचं चुंबन घेतलं, 'आई, तू आमची राणी' म्हणाले. आणि त्याच दिवशी जेवताना, माझ्या तोंडात भाताचा घास असताना, तुंजेर म्हणतो, बोझतेपेवरचं घर विकू, तू अंकाऱ्याला आमच्यात राहा... नवव्या मजल्यावर. तिथे खिडकीतून काय दिसतं? दुसऱ्याची खिडकी."

"नाही म्हटलं मी. घर माझ्या नावावर आहे, बाबांनी दिलेलं. रिफात स्वतः म्हणायचा, मी इथे साबिहाचा पाहुणा... हो, त्यानंतर कुणी विषय नाही काढला... चांगलीच आहेत पोरं, मी कुठे वाईट म्हणतेय?... बरं बाई, जाते! जाते, फिरते, मासे खाते, परत येते. झालं तुझं समाधान?"

"काय?... कुठले मासे थंड होतील?"

साबिहा क्रेटवरून उठली.

"नाही, नाही. आत्ता बोललीस ते परत बोल. 'ते कधीचे ताटकळलेत.' ते म्हणजे कोण?... चाकराझला आम्ही तिघंच जाणार होतो, नूरतेन... नूरतेन, आता मिक्सर लावू नकोस!"

पलीकडे मिक्सर थांबला. मग नूरतेन बोलत राहिली, बराच वेळ.

"...हं."

"...हं. अंकाऱ्याचा. हॉटेलवाला. घर विकत घ्यायला आलाय."

"...आणि होडीतून फिरून, मासे खाऊन मी विरघळेन, असं दोघांनी ठरवलं. तुला कधीपासून माहीत?... माझं भलं! माझ्या भल्याची चर्चा सगळ्यांनी केली, फक्त मला सोडून... तू कशाला रडतेस? रडायचं मी, तू नाही... ती त्याची होडी आहे गं. रिफातची. मला वाटलं, बापाची आठवण आली पोरांना. सगळ्या गावासमोर रडले मी."

तिनं नाक पुसलं. फोन कानाशी, रुमालाच्या आत घट्ट खोचला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मग होडीत पाय टाकला. रिफातचा खांदा गेला होता तेव्हापासून कितीतरी वर्षं सुकाणू तिच्याच हातात असायचं. जाळ्यापाशी रिफात, मागे ती. हमिद काहीतरी विचारत होता. तिनं त्याला हातानंच गप्प केलं.

"काही नाही, दोर सोडतेय... ऐकू येतंय ना? इंजिनच आहे ते... बरं चालतंय, पैसे चांगल्या माणसाला दिलेत पोरांनी... एकटी. मग काय वरात घेऊन जाऊ?... बसते खाली, बसते. तू नको शिकवू मला होडी."

होडी धक्क्यापासून सुटली आणि बाजाराच्या गल्लीतून दोघे भाऊ आले, मध्ये बर्फाची पिशवी धरून. तुंजेरनं पिशवी टाकली आणि पळत सुटला.

"तुंजेर! ओरडू नकोस, लोक बघतायत!... सगळं कळलंय मला! मावशीनं सांगितलं!... इल्हान! इल्हान, पाण्यात उतरायचं नाही, सांगून ठेवते!... तुला नाही गं, पोरांना म्हणतेय... बर्फ उचला तो, वितळतोय!"

"काय म्हणालीस?... कुठे म्हणजे? चाकराझलाच! माणूस अंकाऱ्याहून आलाय, एकटा बसलाय बिचारा. पाहुण्याला ताटकळत ठेवायचं असतं का? जाते, त्याच्यासमोर बसते, मासे खाते, आणि माझ्या तोंडानं सांगते की घर विकायचं नाही. पोरांकडून निरोप गेला तर त्याला वाटेल, भाव वाढवतायत... काय वाटेल ते वाटू दे त्याला. मासे मला आवडतात."

वारा समोरून होता. बोझतेपेची घरं मागे सरकत होती. त्यातलं आपलं कुठलं, हे तिला मान न वळवताही कळत होतं.

"रागावलेय तर! खूप रागावलेय. परत आले की दोघांना बोलणार आहे, आणि तुला वेगळा फोन करून बोलणार आहे... जेवायला घालेन की. आधी बोलेन, मग घालेन... नाही, नाही बुडत. तुंजेरला फोन करून सांग, आई बुडत नाही म्हणावं... हो, दोघं अजून धक्क्यावरच उभे आहेत. दिसतायत ना."

तिनं डोळ्यांवर हात धरला.

"हात हलवतायत... नाही गं, टाटा कसला, थांब म्हणून हलवतायत. तुंजेर तर दोन्ही हात... आता खाली बसला. धक्क्यावरच बसला, कपडे न बघता... इल्हान हलवतोय अजून. आता थांब म्हणून नाही. नुसताच हलवतोय. लहानपणी, बाप मासे धरायला निघाला की हलवायचा ना, खिडकीत उभा राहून... हो, तसाच."

"...मी?... हलवला. मीही हलवला एकदा... रागातच हलवला! तू त्याला तसंच सांग हं नूरतेन, आईनं हात रागात हलवला, विरघळली-बिरघळली नाही... ऐकतेस ना?... हॅलो?... नूरतेन?... हॅलो?"