डाव्या फळीचे आणि उजव्या फळीचे साचे

नाव : ओळखपत्रावरून नोंदवले. वय : तेवीस वर्षे. शिक्षण : पदवी. व्यवसाय : नगर वाचनालयात सहायक. राहणार : काही दिवस आईकडे, काही दिवस वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

गेलेला माल नेमका कोणाचा, असे मला सर्वांत आधी विचारण्यात आले. या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. तो कोणी नेला, हे मात्र सांगता येते. मी नेला. माझ्या वडिलांनी आज सकाळी आईविरुद्ध आणि आईने दुपारी वडिलांविरुद्ध चोरीची तक्रार दिली आहे. दोन्ही तक्रारी गैरसमजातून झाल्या आहेत. मी नेल्याचे दोघांनाही अजून माहीत नाही.

माझे आईवडील पायांत दोष असलेल्या लोकांसाठी मापाचे बूट करतात. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही पावलांचे लाकडी साचे घडवावे लागतात. साच्यावर चामडे ताणून बूट शिवतात. साचे जवळ असले की जुना बूट झिजल्यावर नवा लगेच करता येतो. नसले तर सगळे पहिल्यापासून.

दुकान एका खोलीचे आहे. कामाची दोन मेजे समोरासमोर आहेत. लग्न झाल्यापासून त्यांची पद्धत अशी की उजवा बूट वडील करतात आणि डावा आई. साचा घडवण्यापासून तळ बसवण्यापर्यंत ज्याचा पाय त्याने पुरा करायचा. दोन्ही बूट एकाच वेळी सुरू होतात, एकाच वेळी संपतात. मग ते शेजारी शेजारी ठेवून दोघे एकमेकांच्या चुका काढतात. “अहो, तुमची टाच चढलीय,” असे आई म्हणायची. “तुझी बसलीय, ती बघ आधी,” असे वडील म्हणायचे. गिऱ्हाईक समोर असले तरी हे चालायचे. उजवे साचे वडिलांच्या पाठीमागच्या फळीवर असत, डावे आईच्या.

गेल्या वर्षी वडील तापाने झोपून होते तेव्हा आईने त्यांची फळी पुसायला घेतली. तिथे, मागच्या बाजूला, एक डावा साचा होता. त्याच्या शेजारी त्याचा उजवा होता. पावले बाईची होती, त्यांत कोणताही दोष नव्हता. आमच्याकडे टाचेखाली पेन्सिलीने गिऱ्हाइकाचे नाव लिहितात. त्यांच्यावर नाव नव्हते. वडिलांनी त्याच दिवशी सगळे कबूल केले. त्या बाई कोण, याचा या तपासाशी संबंध नसल्याने मी सांगत नाही. आई मला फक्त एवढे म्हणाली, “दोन्ही पाय एकट्याने केले गं त्यांनी.” तेव्हापासून ती माझ्याशी बोलताना वडिलांना ‘हे’ म्हणत नाही. ‘तुझा बाप’ म्हणते.

घटस्फोट दोघांच्या संमतीने होत आहे. वाटणी भांडण न होता, घरातल्या घरात आणि न्यायाने व्हावी, असे मी सुचवले. आमच्या घरात शिकलेली मी एकटीच. “मग तूच लिही,” असे दोघांनी सांगितले. त्याप्रमाणे मी कागद तयार केला. दुकानाची जागा वडिलांना, शिवणयंत्र आईला, कपाट आईला, पलंग कोणालाच नको म्हणून विकायचा. साच्यांपुढे मी लिहिले : दोघांना निम्मे निम्मे. काही गिऱ्हाइके वडील घेतील, काही आई घेईल, असे मी धरून चालले होते. त्यावर दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मीही केली.

मी कामावरून आईच्या नव्या खोलीत गेले तेव्हा तिथे भिंतीला लागून सगळे डावे पाय मांडलेले होते. उजवे वडिलांकडे दुकानात राहिले. हे कोणी रागाने केले असे माझे म्हणणे नाही. आपली फळी ती आपली, असेच दोघे इतकी वर्षे समजत आले होते. वाटणी अगदी बरोबर झाली, असे दोघांच्याही वकिलांचे मत पडले.

त्यानंतर काम बंद पडले. मी वडिलांना सांगितले की निम्मी गिऱ्हाइके आईला द्या. ते म्हणाले, “ताईसाहेब, कागद तुमचाच आहे. उजवे हवे असतील तर तिने येऊन मागावेत.” मी आईला सांगितले. ती म्हणाली, “मी त्याच्या दारात मागायला जाऊ? पदवी घेऊन हेच शिकलीस?” मग मी म्हटले की दोघांनी समोरच्या बाजूचे साचे नवे घडवून घ्या, हात तर दोघांचा बसलेला आहे. आई म्हणाली, “उजवा करायला मी काय तुझा बाप आहे?” वडिलांना हेच विचारल्यावर ते बराच वेळ हत्याराला धार लावत राहिले. मग म्हणाले, “डावा मी पुन्हा करणार नाही.” 

आमचे जुने गिऱ्हाईक घड्याळवाले काका यांचा एक पाय आखूड आहे. त्यांच्या बुटाचा तळ फाटला. ते आधी दुकानात गेले, तिथून त्यांना आईकडे पाठवले, आईने परत दुकानात पाठवले. शेवटी ते वाचनालयात माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, “काय गं, माझ्या पायांनी पण घटस्फोट घेतला का? मला कोणी कळवलं नाही!” ते हसत होते. 

काल वडील वकिलांकडे गेले होते आणि आई बाजारात गेली होती. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. वाचनालयाच्या पुस्तकांच्या ढकलगाडीतून मी आधी डावे आणि मग उजवे साचे नेले. वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात टाचेखालची नावे वाचून जोड्या लावल्या. उजव्यावर वडिलांचे अक्षर आहे, डाव्यावर आईचे. नंतर प्रत्येक जोडी ज्याच्या पावलांची आहे त्याच्या घरी पोचवली. यासाठी कोणाकडून काही घेतले नाही. नाव नसलेली जोडी त्या बाईंच्या दारात नेली. “यांच्यावर केलेले बूट मी कधी घातलेच नाहीत,” असे त्या म्हणाल्या. जोडी त्यांनी ठेवून घेतली.

यामुळे माझ्या आईवडिलांकडे आता विभागायला काही उरणार नाही, एवढाच माझा विचार होता. घड्याळवाल्या काकांनी दोन्ही साचे मांडीवर घेतले आणि विचारले, “हे घेऊन मी आता जाऊ कुणाकडे?” तो विचार मी केला नव्हता.  

झाल्या प्रकाराला मी जबाबदार आहे. कारवाई करायची ती माझ्यावर व्हावी. दोघांच्या तक्रारींवरून त्या दोघांपैकी कोणावरही गुन्हा नोंदवू नये, अशी माझी विनंती आहे.

दोन्ही ठिकाणी पाहणी केल्यास एक एक साचा जागेवर मिळेल. ते नजरचुकीने राहिलेले नाहीत. ते माझ्या पावलांचे आहेत. मला पायाचा काही दोष नाही, पण लहानपणी इतर मुलांसारखे आपल्यालाही दुकानातले बूट हवेत म्हणून मी हट्ट केला होता. पाय वाढत गेला तसे नवे साचे न घडवता त्यांच्यावरच चामड्याचे तुकडे ठोकत गेले, उजव्यावर वडील आणि डाव्यावर आई. दोघांचे थर सारखे नाहीत. काल ढकलगाडीत मी ते दोन्ही ठेवले होते. बाकी सगळे पोचवून झाल्यावर डावा आईच्या खिडकीत आणि उजवा वडिलांच्या मेजावर परत नेऊन ठेवला. ती एक जोडी मी लावली नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. वर ‘राहणार : आईवडिलांकडे’ असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून दुरुस्त केले आहे. बाकी मी बोलले तसेच लिहिलेले असून बरोबर आहे.