पुण्यातलं बारसं

कुंभकोणमच्या स्टँडवर आडुतुरैच्या बसमध्ये बसलो होतो. मागच्या बाकावर दोघी बहिणी मराठी बोलत होत्या, आपल्या पणजीच्या तोंडची वाटावी अशी. धाकटी लेकीच्या घरचं बारसं आटोपून पुण्याहून परतली होती.

"बारसं बरवं जाहलं ना, वेदा?"

"जाहलं. घुगऱ्या मी केल्या, अक्का. खोबरं, कढीलिंब घालून, आपल्या रीतीच्या. विहीणबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, ही मद्रासी उसळ खाऊन पाहा."

"घुगऱ्या म्हणून सांगायचं!"

"सांगितलं. हसल्या."

"हसेनात का. पाळणा म्हटलास ना, आपला?"

"दोन ओळी म्हटल्या. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकीनं पुसलं, ही कुठली भाषा?"

"मराठी म्हणून सांगायचं! या तमिळ मुलखात तीनशे वर्षं सांभाळली आपण, ती कशाला?"

"मी तोंड उघडणार तोच वसू म्हणाली, आमची आई तमिळ आहे."

"आपली वसू? घरात एक तमिळ शब्द काढला तर आजी जिला उंबऱ्याबाहेर उभी करायची, ती?"

"तीच. मग कानाशी येऊन म्हणाली, आई, तमिळच पाळणा म्हण. त्यांना आवडेल."

"आणि तू म्हटलास?"

"म्हटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वसूनंही."

"पोर तरी निजलं का?"

"निजलं की. आजी मद्रासी आहे, एवढं ऐकलं आणि निजलं."