बांधाचा वळसा

पेण-रोहा एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक निवृत्त गुरुजी मांडीवर नकाशा पसरून बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यात डोकं घातलं.

“ही खाडी, तर आमच्या गावचा बांध कुठं?”

“हा बघा. बासष्ट सालच्या सरकारी नकाशावरून उतरवलाय, शाळेच्या पुस्तकासाठी.”

“सरळ कसा? मधी वळसा हाय त्याला.”

“जुन्या नकाशात होता खरा. मला वाटलं, काढणाऱ्याचा हात हलला. मीच पट्टी लावून सरळ केला.”

“हात नाय हलला त्याचा! उधाणात बांध फुटला, तिथं दोन पुरुष खोल डोह पडला. तो काय भरंना. मंग गावानं डोहाला वळसा घालून नवा बांध घातला. मी नवी नवरी व्हते, अंगाची हळद उतरली नव्हती, तरी चिखल वाहिला.”

“कंत्राटदार कोण होता?”

“कसला कंत्राटदार? घरटी दोन माणसं. आठ दिवसांत खाडीला शेतातून हाकलली.”

“चुकलंच माझं, बाई. पेन्सिलीनं काढलाय, आत्ता दुरुस्त करतो.”

“आत्ता नको. गडबच्या स्टॉपवर गाडी थांबली की काढा. हलत्या गाडीत वाकडं व्हईल.”