सर्वपित्रीची भरती

सगुणा : वडे झाले, खीर झाली, अळूही उतरवलं. आता मी जाऊ का, आई? साडेबाराला भरती आहे.

बायजाबाई : आनि पान कोन वाढील गो? सर्वपित्रीला मोठ्या सुनंनंच वाढायचं.

कमळाकर : सगुणा, तासाभराचा तर प्रश्न आहे. कावळ्यानं घास घेतला की मी स्वतः तुला गाडीवरून बांधावर सोडतो.

सगुणा : तासाभरात पाणी फिरतं. तुम्ही खाडीकाठीच वाढलात ना?

कमळाकर : मग मोरूला पाठवू. त्याला बांध ठाऊक आहे.

सगुणा : गेल्या वर्षी मोरूभावजीच गेले होते. पाणी गढूळ दिसलं म्हणून थांबले, दुपारी निवळल्यावर बाटल्या भरल्या. अगदी लख्ख! मला ते भर भरतीचं गढूळच हवं होतं.

बायजाबाई : त्याला वाटलं, वहिनीला चांगलं पानी न्यावं.

सगुणा : म्हणून तर मला त्यांना बोलताही आलं नाही.

बायजाबाई : मंग फुडच्या अमाशेला जा. भरती काय पलून जाते?

सगुणा : आजच्याएवढी भरती वर्षात दुसरी नाही, आई. बांधातून खारं पाणी भातात किती शिरतं ते मी मोजते. या भरतीचं माप नाही म्हणून संशोधनाच्या मासिकानं माझा पेपर परत पाठवला. आणि उन्हाळ्यात हा बांध पाडून नवा घालणार आहेत. मग मी मोजू काय?

कमळाकर : तुझी प्रोफेसरपदाची मुलाखत डिसेंबरात आहे. मी सरांशी बोलतो.

सगुणा : काय बोलाल? आपण दोघं रोह्याच्या कॉलेजात एकाच वर्षी लागलो. पीएच.डी. दोघांनी याच सरांकडे केली. तुम्ही प्रोफेसर होऊन बसलात आणि मला सर परवा म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही शिकवता छान, पण संशोधनात तुम्ही दिसत नाही.’

कमळाकर : त्यांचा तसा हेतू नसेल गं.

सगुणा : हेतू कुणाचाच नसतो. परीक्षेचं वेळापत्रक कुणी करायचं? मॅडम. मुलींच्या सहलीबरोबर कोण? मॅडम. पाहुणे आले, ओवाळायला मॅडम. आणि संशोधनाचे पेपर मोजायला बसले की सगळ्या मॅडम खालच्या ओळीत.

कमळाकर : मी तुला कधी अडवलं का?

सगुणा : नाही हो. अडवलं असतंत तर भांडले असते.

कमळाकर : माझंही काही फुकट झालेलं नाही. मीही कष्टानंच लिहितो.

सगुणा : लिहिता. दार लावून. आई शेजाऱ्यांनासुद्धा सांगतात, ‘बोंबलू नका, कमळाकर लिवतोय.’ मी लिहायला बसले की विचारतात, ‘मोकळी हायेस का गो?’ माझं वाचन सगळं गाडीत. तेसुद्धा नागोठण्याला बसायला मिळालं तर!

बायजाबाई : विचारते, व्हय. खोटं कशाला बोलू? माजं गुडघं चालत नाय. तुला नाय विचारायचं तर कोनाला विचारू?

सगुणा : तुमच्यावर राग नाही, आई. कुणावर काढू तेच कळत नाही.

बायजाबाई : पान घे, पोरी. येळ झाली.

(कमळाकर केळीच्या पानावरचा घास परसातल्या दगडी गडग्यावर ठेवतो. कावळे माडावर बसून राहतात.)

कमळाकर : काव, काव! ... एकही उतरत नाही.

बायजाबाई : तुज्या सासऱ्यांचं मन कशात तरी अडाकलंय.

सगुणा : मामांचं? मामा असते तर मी आता बांधावर असते. सर्वपित्रीलासुद्धा मला होडीत बसवायचे. म्हणायचे, ‘आमचा बापूस जेवल नंतर, भरती थांबनार नाय.’

बायजाबाई : तुज्या बाटल्या मांडीवर घेऊन बसायचे. पोराचं येवडं कवतिक नव्हतं. गावभर सांगायचे, आमची सून खाडी मोजते. कमळाकरा, हात जोड. बोल त्यांना, सुनंचं काम अडनार नाय.

कमळाकर : दादा, सगुणाचं काम अडणार नाही. पुढच्या वर्षी या दिवशी घरातलं सगळं मी बघतो.

सगुणा : पुढच्या वर्षी हा बांध नसेल.

कमळाकर : मग काय म्हणू? तूच सांग, काय म्हणू मी?

सगुणा : मला तरी कुठं ठाऊक आहे?

बायजाबाई : ऊन डोक्यावर आलं. कोन शिवत नाय. गो, तू बोल. तुजं ऐकायचे ते.

सगुणा : मी काय बोलू, आई?

बायजाबाई : कायपन बोल. उपाशी जातील गो ते.

सगुणा : मामा... जेवा तुम्ही. माझ्यासाठी थांबू नका.

कमळाकर : आला! तो बघ, गडग्यावर आला.

बायजाबाई : घेतला! घास घेतला गो! जा आता, जा तू. कमळाकरा, गाडी काढ. पदर खोच आनि पल.

सगुणा : आता कुठं जाऊ? उभ्या राहून बघा ना, गडग्यापलीकडे. बांधाच्या दगडांवर ओल दिसायला लागली. पाणी उतरतंय.

कमळाकर : तरी जाऊ. काहीतरी मिळेल.

सगुणा : काहीतरी नको होतं हो.

बायजाबाई : माज्यामुळं झालं का गो?

सगुणा : नाही, आई.

बायजाबाई : मंग कोनामुळं?

सगुणा : बसा पाटावर. भावजींना हाक मारा. वडे गार होतायत.