थांब म्हटल्यावर

— नाही हो, प्रोग्राम अडकला नव्हता, तेवढं आधी लिहून घ्या. अडकणं वेगळं आणि आवरणं वेगळं. बसा ना — ती नको, डुगडुगते, भिंतीकडची घ्या. हं. तुमच्याआधी दोन चौकशीवाले येऊन गेले, त्यांनाही हेच सांगितलं, घसा बसला माझा. आमच्या रंगखात्यात टाक्यांमध्ये उकळतं पाणी सोडतो तो प्रोग्राम. बंद करायचा तर त्याला 'थांब' असा सिग्नल पाठवायचा. आता सिग्नल आला की लगेच जीव सोडायचा, असं थोडंच असतं? आल्यावर काय करायचं ते लिहिणाऱ्याने ठरवून ठेवलेलं असतं. इथे काय ठरलं होतं — आधी पाण्याचा व्हॉल्व्ह हळूहळू मिटायचा, एकदम मिटला तर पाइप फुटतो, मग वाफ बंद, मग आपण जायचं. वेळ लागतो. लागणारच की! पण दुसराही एक सिग्नल असतो — 'मर'. तो प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही, कॉम्प्युटरच परस्पर त्याचा निकाल लावतो. आवरायला उसंत नाही, काही नाही. तो दिला कुणीतरी. व्हॉल्व्ह उघडाच राहिला, टाकी भरून वाहिली, आणि आमचे रंगारीमामा धावले हाताने बंद करायला — पलीकडे बायका कापड पिळत होत्या ना. बायका वाचल्या, मामांचे पाय घोट्यापर्यंत भाजले.

कुणी दिला? मला काय माहीत. मी इथेच होते, याच टेबलाशी, पण पाठ होती माझी. — निष्काळजी? लिहिणारा? अहो, गॅस बंद केलाय का ते तीनतीनदा बघून येणारा माणूस तो, घराबाहेर पडायला आम्हाला नेहमी उशीर — हो. नवरा माझा. लपवलं नाही, तुम्ही विचारलंच नाहीत. घरी बसवलंय त्यांना. दाढी नाही, धड जेवण नाही. काल म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल गं." चुकलं? हा बंद करून पाहुण्यांना नवीन यंत्रणा दाखवायची घाई साहेबांना, आणि चूक माझ्या नवऱ्याची? मी म्हटलं, "साहेब, जरा दम धरा, आवरतोय तो," तर म्हणे, "किती म्हाताऱ्यासारखं चाललंय हे," आणि 'मर' टाइप करून ठोकलं एंटर —

...

हो. पाठ नव्हती माझी. मालकांचे जावई. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, एक तरी नोकरी घरात राहू द्या." गोड बोलतात हो फार.

लिहिलंत? — असू दे, असू दे तसंच. मूग गिळून गिळून दमले मी. मामांच्या बायकोसमोर रोज मान खाली घालून उभी राहते दवाखान्यात. कुठे सही करू? इथे? घ्या. आता उठा तुम्ही, जावईबापूच येताहेत जिन्यावरून. नाही, दार लावू नका.